1937 साली लंडनमध्ये शिकणारा मराठी तरुण स्पेनच्या यादवी युद्धात जातो, अशी कादंबरी लिहायची आहे. तपशील कसे पक्के करावेत?

आधी महिना ठरवा. नुसतं ‘1937’ पुरणार नाही. रिपब्लिक (म्हणजे स्पेनचं निवडून आलेलं सरकार) आणि बंडखोर जनरल फ्रँको यांच्यातलं हे युद्ध जुलै 1936 मध्ये पेटलं आणि 1 एप्रिल 1939 ला संपलं. मधल्या पावणेतीन वर्षांत सीमा ओलांडायची रीत, बंदुका, पैसा, जेवण, एवढंच काय, बार्सिलोनात लोक काय घालून फिरतात तेही बदलत गेलं. डिसेंबर 1936 मध्ये तिथल्या रस्त्यावर टाय-हॅटवाला माणूस सापडणं कठीण होतं, हॉटेलं कामगारांच्या ताब्यात होती आणि टिप देण्याला बंदी होती. पुढच्या एप्रिलपर्यंत चांगले सूट परत आले होते आणि पावासाठी रांगा लागत होत्या. 3 मेला टेलिफोन एक्स्चेंजच्या ताब्यावरून सरकारी पोलीस आणि अनार्किस्ट (राज्यसत्ताच नको म्हणणारे) यांच्यात गोळीबार सुरू झाला. रिपब्लिकच्या बाजूचेच लोक काही दिवस एकमेकांवर गोळ्या झाडत होते. नायक त्या आठवड्यात शहरात असेल, तर हे टाळून पुढे जाता येणार नाही.

प्रवासाचंही तसंच. 1936 अखेरपर्यंत पॅरिसहून रेल्वेने सीमेजवळच्या पर्पिन्यां या फ्रेंच गावाला जायचं आणि तिथून बसने सीमा ओलांडायची, एवढं ते सोपं होतं. जानेवारी 1937 मध्ये ब्रिटिश सरकारने परदेशी सैन्यात भरती व्हायला मनाई करणारा 1870 चा कायदा पुढे केला. फेब्रुवारीत फ्रान्सनेही स्वयंसेवकांसाठी सीमा बंद केली. त्यानंतर निघालेला माणूस लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर पॅरिसचं शनिवार-रविवारचं परतीचं तिकीट काढायचा, कारण त्या तिकिटाला पासपोर्ट लागत नसे. पॅरिसमध्ये चौकशी आणि वैद्यकीय तपासणी व्हायची. मग छोट्या गटांनी दक्षिणेला जायचं, रात्री गाडीने सीमेवरच्या पिरेनीज डोंगरांच्या पायथ्याशी उतरायचं आणि बुटांऐवजी दोरीच्या तळव्यांचे कापडी जोडे घालायचे, म्हणजे दगडावर आवाज होत नाही. रात्रभर एकामागे एक चढायचं, न बोलता आणि सिगारेट न पेटवता. पलीकडे फिगेरासचा किल्ला, तिथून बार्सिलोना, व्हॅलेन्सिया आणि शेवटी आंतरराष्ट्रीय ब्रिगेडचा (रिपब्लिकसाठी लढणाऱ्या परदेशी स्वयंसेवकांच्या दलाचा) तळ आल्बासेते. इंग्रजी बोलणाऱ्यांचं प्रशिक्षण आधी माद्रिगेरासला होई, नंतर ताराझोना दे ला मांचा या गावी. सामान नसलेल्या गोऱ्या कामगारांच्या घोळक्यात एक सावळा विद्यार्थी चटकन डोळ्यांत भरेल. त्या अडचणीचा कथेत उपयोग करून घ्या. लंडनमधल्या राजकारणी भारतीय विद्यार्थ्यांवर ब्रिटिश गुप्तचरांची नजर असायची, ती वेगळीच.

नायक मुंबईहून येताना दाखवणार असाल, तर बॅलार्ड पिअर, एडन, सुएझ, मार्सेय हा पी अँड ओ या ब्रिटिश बोट कंपनीचा मार्ग सुरक्षित. त्या काळी लॉइड त्रिएस्तिनोच्या इटालियन बोटीही मुंबईहून सुटत. फ्रँकोला सैन्य आणि विमानं पुरवणाऱ्या मुसोलिनीच्या देशाच्या बोटीने त्याला येऊ द्या, पुढे ते आठवून तो चरफडेल.

एक चूक हमखास होते, ती घड्याळाची. स्पेन आज मध्य युरोपच्या वेळेवर चालतो. हा बदल 1940 चा आहे. त्याआधी तिथे ग्रिनिचचीच वेळ होती. त्यामुळे आजच्या अनुभवावरून माद्रिदचा सूर्यास्त लिहिलात तर तो तासभर उशिरा पडेल.

लढाईची वर्णनं कमी करा आणि पुरवठ्याचा गोंधळ वाढवा, असं मी सुचवेन. माद्रिदजवळच्या खारामाच्या लढाईत 12 फेब्रुवारी 1937 ला ब्रिटिश बटालियनचे सुमारे 600 जण उतरले आणि पहिल्या दिवसाअखेर सव्वादोनशेच्या आसपास उरले. त्या दिवशी मॅक्झिम मशिनगनच्या पट्ट्यांत भलतीच काडतुसं भरलेली निघाली. सुरुवातीच्या काळात रायफली वेगवेगळ्या देशांच्या आणि वेगवेगळ्या मापांच्या होत्या. रशियन मोसिन-नागांची गोळी 7.62 मिमीची, स्पॅनिश माउझरची 7 मिमीची. खोकं चुकलं की बंदूक म्हणजे नुसती काठी.

जेवणात काबुली चणे, मसूर, ऑलिव्ह तेल आणि कधी खेचराचं मांस. ऑलिव्ह तेलाच्या वासाने इंग्रज पोरं हैराण होत. तुमच्या मराठी नायकाला चणे-मसूर परवडतील, मांस आलं की मात्र त्याची पंचाईत. सिगारेटी दाखवताना लक्षात ठेवा की तंबाखू बहुतेक फ्रँकोच्या ताब्यातल्या प्रदेशात आणि सिगारेटचा कागद रिपब्लिककडे. शांत आघाड्यांवर दोन्हीकडचे सैनिक मधल्या पट्ट्यात भेटून अदलाबदल करत. पगार, निदान सुरुवातीच्या मिलिशियात (स्वयंसेवकांच्या तुकड्यांत), रोज 10 पेसेता. पण चांदीची नाणी लोकांनी दडवल्यामुळे सुट्ट्यांची बोंब. गावोगावच्या नगरपालिकांनी स्वतःच्या नोटा काढल्या, त्या शेजारच्या गावात चालतीलच असं नाही. 1938 मध्ये पुठ्ठ्याच्या चकतीवर चिकटवलेलं टपाल तिकीट हेच नाणं झालं.

नायकाला मेडिकलचा विद्यार्थी केलंत तर बरंच सोपं जाईल. डॉ. मदन अटल हे भारतीय डॉक्टर स्पेनमध्ये काम करून आले होते. 1938 मध्ये चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकाचे प्रमुखही तेच, आणि त्याच पथकात सोलापूरचे डॉ. कोटणीस होते. बार्सिलोनात डॉ. त्रुएता या सर्जनची जखमा हाताळण्याची पद्धत अशी होती: जखम मोठी उघडायची, मेलेलं मांस आणि घाण कापून काढायची, गॉज भरायचं, वरून प्लास्टर करायचं आणि काही आठवडे हात लावायचा नाही. हात-पाय वाचत, पण प्लास्टरखालून येणारा वास वॉर्डभर पसरे. हा वास तुमच्या पानावर हवा.

हातात बंदूकच द्यायची असेल, तर नागपूरच्या गोपाळ मुकुंद हुद्दार यांचा मार्ग अभ्यासा. संघाचे पहिले सरकार्यवाह असलेला हा माणूस पत्रकारिता शिकायला लंडनला गेला, ‘जॉन स्मिथ’ या नावाने ब्रिटिश बटालियनमध्ये लढला, 1938 च्या वसंतातल्या माघारीत गांदेसाच्या बाजूला पकडला गेला आणि बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या मठातल्या तुरुंगात राहिला. ही बटालियन ब्रिटिश संसदेत निवडून गेलेले भारतीय कम्युनिस्ट शापूरजी सकलातवाला यांच्या नावानेही ओळखली जाई. हुद्दारांना थेट पात्र करू नका, नाहीतर कादंबरी त्यांचं चरित्र होऊन बसेल. टोपणनाव, माघार, कैद एवढा सांगाडा घेतलात तरी पुष्कळ.

शेवट कुठे करायचा तेही तारखाच ठरवतील. सप्टेंबर 1938 मध्ये रिपब्लिकचे पंतप्रधान नेग्रीन यांनी परदेशी स्वयंसेवक माघारी घेण्याची घोषणा केली आणि ऑक्टोबरअखेर बार्सिलोनात त्यांना निरोप देणारं संचलन झालं. त्यामुळे जानेवारी 1939 मध्ये बार्सिलोना फ्रँकोच्या हाती पडताना नायक शहरात हवा असेल, तर तो मागे का राहिला याचं कारण आधीच पेरून ठेवा. हॉस्पिटल, कैद किंवा स्पॅनिश बायको, यांपैकी काहीही चालेल.