सौंदर्यप्रसाधनांच्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला 'हे माझ्यासाठीच आहे' असं वाटावं, यासाठी काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मडगावात तुमचं कॉस्मेटिक्सचं दुकान आहे, आता वेबसाइट काढताय आणि डेव्हलपर चेहरा स्कॅन करून शेड सुचवणारं फीचर घ्या म्हणून मागे लागलाय. मी म्हापशाला आमच्या घरच्या फॅन्सी स्टोअरची ऑनलाइन बाजू बघते, पाचेक वर्षं झाली. स्कॅनचं शेवटी बोलते. आधी आमची फजिती ऐका, कारण तुमच्या प्रश्नावरून तुम्हीही त्याच वाटेने निघालेले दिसता.

कोणाला कुठली वस्तू सुचवायची हे ठरवायला आम्ही साइटवर प्रश्नांची क्विझ ठेवली. पहिली क्विझ एका परदेशी साइटवरून उचललेली होती. 'तुमची त्वचा कशी आहे: तेलकट, कोरडी, मिश्र की सामान्य?' निम्म्या बायकांनी 'सामान्य' निवडलं. आपण असामान्य आहोत असं कोण कबूल करणार? मग मी हुशारी केली. ते शब्द काढले आणि सरळ विचारलं, 'दुपारी दोनला आरशात बघितलं तर नाक चमकतं का?' मे महिना होता. गोव्यात मे महिन्यात दुपारी दोनला नाक चमकत नाही असा माणूस मला दाखवा! अख्ख्या बारदेश तालुक्याची त्वचा तेलकट निघाली आणि सगळ्यांना एकच कडुलिंबाचा फेसवॉश सुचवला गेला. एका बाईंनी तो इमानेइतबारे महिनाभर वापरला. गालांची सालं निघाल्यावर शुक्रवारी, ऐन बाजाराच्या गर्दीत, त्या दुकानात आल्या आणि मला म्हणाल्या, "बाय, तुज्या कंप्युटराक सांग, म्हजें तोंड सुकें म्हण."

आता आम्ही विचारतो: 'तोंड धुऊन काहीही न लावता अर्धा तास बसलात तर गाल ओढतात का?' आणि 'रात्री एसी लावून झोपता का?' दुसऱ्या प्रश्नावर डेव्हलपर हसला होता. पण आपल्या दमट हवेत घाम कुठला आणि तेल कुठलं हे बघून कळत नाही, आणि पणजीच्या एसी ऑफिसात दिवस काढणारी बाई अन् तिची वाळपईला राहणारी सख्खी बहीण यांना एकच क्रीम चालत नाही. जूनमध्ये पाऊस लागला की तर सगळंच बदलतं, म्हणून पावसाळ्याआधी जुन्या गिऱ्हाइकांना हे दोन प्रश्न पुन्हा विचारतो.

प्रश्न किती ठेवायचे? ज्याचं उत्तर बदललं तरी समोर येणारी वस्तू बदलत नाही, तो प्रश्न उडवा. आमचे चौदा होते, पाच उरले. वस्तूखाली कारणाची एक ओळ द्या: 'तुम्ही एसीत झोपता, म्हणून जेलऐवजी हे क्रीम.' आमच्याकडे सगळ्यात जास्त वाचली जाणारी ओळ हीच.

दुकानात माझी आई मात्र 'काय पाहिजे' हे नंतर विचारते. आधी 'काय चालत नाही?' साइटवर हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते खरा पर्सनल भाग तोच. टिकलीचंच घ्या. टिकलीच्या गोंदात कधी कधी पॅरा-टर्शरी-ब्यूटिल फिनॉल असतं, त्याने काहींच्या कपाळावर टिकलीएवढा पांढरा डाग पडतो. अशा बाईला आपण 'नवीन डिझाइनच्या टिकल्या' दाखवत राहिलो तर तिला काय वाटेल? केसांच्या डायमधलं पीपीडी हे रंगाचं रसायन कित्येकांना सोसत नाही. सुरकुत्यांच्या क्रीममधलं रेटिनॉल गरोदरपणात टाळायला सांगतात. एकदा 'नको' म्हटलेली वस्तू सेलमध्येसुद्धा त्या बाईसमोर येता कामा नये, एवढं डेव्हलपरकडून लिहून घ्या.

आणखी एक घोळ तुम्हाला पहिल्याच महिन्यात भेटेल. घरात एक फोन, एक खातं, आणि त्यावरून मुलगी लिप टिंट मागवते, आई डाय मागवते, आजी पायांच्या भेगांचं मलम. साइटला वाटतं, ही कोणी एकोणीस ते सत्तर वयाची एकच बाई आहे. आम्ही कार्टमध्ये 'हे कोणासाठी?' एवढंच विचारतो. नाव नको, 'मी', 'आई', 'सून' असं काहीही चालतं. सुचवण्यांतला गोंधळ निम्म्याने कमी झाला.

पुन्हा ऑर्डरची आठवण द्यायची तर हिशेबाने द्या. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, म्हणजे पाचव्या आठवड्यात भांगात पांढरं दिसायला लागतं. डायचा मेसेज तेव्हाच. पण त्यात 'हेअर डाय' लिहू नका, 'तुमची नेहमीची वस्तू' लिहा. पार्सलच्या लेबलावरही तेच. वाड्यावर पार्सल आलं की घरच्यांआधी शेजारीण वाचते. सनस्क्रीन रोज दोन बोटं भरून लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब दीडेक महिन्यात संपते. कोणाला ती सहा महिने पुरत असेल तर नवीन ट्यूब खपवण्याआधी ती कमी लावतेय हे तिला सांगा.

आता फाउंडेशनची शेड आणि तुमचं स्कॅन. फोनचा कॅमेरा स्वतःच रंग सुधारतो, ट्यूबलाइटखाली एकच चेहरा वेगळा आणि उन्हात वेगळा दिसतो. त्यातून बरीच अ‍ॅप्स त्वचेचे सहा प्रकार पाडणारी फिट्झपॅट्रिक पट्टी वापरतात. टॉमस फिट्झपॅट्रिक या त्वचारोगतज्ज्ञांनी १९७५ साली ती केली ती प्रकाशोपचाराचा डोस ठरवायला. आधी गोऱ्या कातडीचेच चार प्रकार होते, सावळ्या-काळ्यांचे दोन मागून जोडले. आपली बहुतेक गिऱ्हाइकं दोन-तीन खणांत कोंबली जातात. २०२२ मध्ये गूगलने हार्वर्डचे एलिस मंक यांच्याबरोबर दहा छटांची पट्टी खुली केली, ती त्यापेक्षा बरी. विचारायचंच तर डेव्हलपरला विचारा, तुमचं स्कॅन कुठल्या पट्टीवर चालतं.

आम्ही स्कॅन घेतलं नाही. 'सध्या कुठल्या कंपनीची कुठली शेड लावता, आणि ती पांढरट दिसते की काळपट?' असं विचारतो आणि मग दोन शेडची सॅशे पाठवतो. सोबत चिठ्ठी: सकाळी नऊच्या सुमारास बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीवर) बसून जबड्याजवळ लावा, अर्ध्या तासाने बघा. अर्धा तास अशासाठी की फाउंडेशन हवेने थोडं काळवंडतं, आणि परत येणाऱ्या बाटल्यांपैकी पुष्कळ याच कारणाने येतात. सॅशेचा खर्च बाटली परत येण्याच्या खर्चापुढे काहीच नाही.

तरीही स्कॅन घेणारच असाल तर फोटो सर्व्हरवर ठेवू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती स्पष्ट हवी आणि काम झालं की माहिती पुसायची, असं आहे. चेहऱ्याचे फोटो सांभाळत बसण्याएवढं आपलं दुकान मोठं नाही.

एआय वगैरे पहिली दोनशे-तीनशे गिऱ्हाइकं होईपर्यंत विसरा, एक्सेल पुरतं. आणि हो, एप्रिल-मेमध्ये लिपस्टिक दुपारच्या गाडीने पाठवू नका, दक्षिण टोकाच्या काणकोणला पोहोचेपर्यंत तिची बर्फी होते.