पाच कसोटींच्या मालिकेत पस्तिशी ओलांडलेल्या वेगवान गोलंदाजाला घ्यावं का?

तुम्ही विचारलंय की २०२५ च्या इंग्लंड-भारत मालिकेत इंग्लंडचा ३६ वर्षांचा वेगवान गोलंदाज ख्रिस वोक्स पाचही कसोटी खेळला आणि भारताचा ३१ वर्षांचा बुमरा फक्त तीन. मग संघ निवडताना वय धरायचं तरी कसं, आणि दोघांपैकी कुणाच्या निवडकर्त्यांचं चुकलं?

माझ्या मते इंग्लंडचं चुकलं. पस्तिशी ओलांडलेल्या वेगवान गोलंदाजाला मालिकेसाठी जरूर घ्यावं, पण पाचही सामने खेळवू नये. तीन खेळवावेत, आणि ते कोणते हे पहिल्या नाणेफेकीच्या आधी वेळापत्रक समोर ठेवून ठरवावं. भारताने बुमराला तीनच सामने खेळवले आणि ते बरोबर होतं. एक गोष्ट मात्र मला खटकली, तिच्याकडे शेवटी येतो.

आधी वयाबद्दल. बुमराचा जन्म डिसेंबर १९९३ चा आणि त्याचा जोडीदार वेगवान गोलंदाज सिराजचा मार्च १९९४ चा. दोघांत जेमतेम तीन महिन्यांचं अंतर. त्या मालिकेत सिराजने पाचही कसोटींत मिळून १८५.३ षटकं टाकली, २३ बळी घेतले, आणि ओव्हलच्या शेवटच्या कसोटीत पाचव्या दिवशी सकाळी इंग्लंडला ३५ धावा हव्या असताना उरलेल्या चारपैकी तीन विकेट काढून सामना सहा धावांनी जिंकून दिला. बुमराला तेच जमलं असतं का? मला नाही वाटत. त्याच्या पाठीवर २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली होती. त्यानंतर ऑस्ट्रेलियात पाच कसोटींत १५० हून जास्त षटकं टाकून त्याने ३२ बळी घेतले आणि जानेवारी २०२५ मध्ये सिडनीत, नेमक्या शेवटच्या डावात, ऑस्ट्रेलिया १६२ चा पाठलाग करत असताना तो चेंडू हातात घेऊ शकला नाही. म्हणजे जन्मतारखेवरून फारसं काही कळत नाही. कुणाच्या अंगावर किती षटकांचा भार आहे आणि ती षटकं किती दिवसांत टाकली गेलीत, हे बघावं लागतं.

वय वाढलं की गोलंदाजाचं नक्की काय जातं? लोकांना वाटतं वेग जातो. वेग थोडा जातो हे खरं, पण टप्पा, दिशा, सीमची (चेंडूच्या शिवणीची) ठेवण, फलंदाजाला ओळखणं हे सगळं उलट सुधारतं. मी मुंबईच्या मैदानांवर क्लब क्रिकेटमध्ये बरीच वर्षं मध्यमगती गोलंदाजी केली आणि आता एका क्लबची संघनिवड करायला बसतो. वेगवान गोलंदाजाच्या पुढच्या पायावर प्रत्येक चेंडूला शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. पंचविशीत तो भार रात्रीच्या झोपेत उतरतो. पस्तिशीनंतर उतरायला दोन-तीन दिवस लागतात. म्हणून वयस्कर गोलंदाजाचा पहिला स्पेल, म्हणजे सलग टाकलेली पहिली काही षटकं, बघून मत बनवू नये. पहिला स्पेल त्याचा बहुधा चांगलाच असतो. फरक दिसतो तो चहापानानंतरच्या स्पेलमध्ये, दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि सर्वात जास्त पुढच्या कसोटीत.

मँचेस्टरची चौथी कसोटी आठवा. भारताच्या दुसऱ्या डावात पहिल्याच षटकात वोक्सने लागोपाठच्या चेंडूंवर जयस्वाल आणि साई सुदर्शनला बाद केलं. धावफलकावर शून्य धावा, दोन बाद. नवा चेंडू, ताजे पाय आणि मायदेशातली हवा, एवढ्यावर ३६ वर्षांचा माणूस असं षटक टाकू शकतो. पण त्यानंतर भारत १४३ षटकं खेळला, गिल, जडेजा आणि सुंदरने शतकं ठोकली, ४ बाद ४२५ वर सामना अनिर्णित राहिला आणि वोक्सला तिसरी विकेट मिळाली नाही. २७ जुलैला ती कसोटी संपली, ३१ तारखेला ओव्हलची सुरू झाली, आणि मधल्या तीन दिवसांनंतर तो पुन्हा नवा चेंडू घेऊन उभा! त्या कसोटीसाठी इंग्लंडने संघात चार बदल केले होते. कर्णधार स्टोक्सचा खांदा दुखावला होता, आर्चर आणि कार्सला बाहेर ठेवलं होतं. पाचही सामने खेळलेला इंग्लंडचा एकमेव वेगवान गोलंदाज होता वोक्स, आणि वेगवान गोलंदाजांत वयाने सगळ्यांत मोठाही तोच.

पहिल्याच दिवशी सीमारेषेवर चेंडू अडवताना पडून त्याचा खांदा निखळला. तो अपघात होता, वयामुळे झाला असं मी म्हणणार नाही. पण त्यामुळे इंग्लंडला तीनच वेगवान गोलंदाजांवर भारताचा दुसरा डाव काढावा लागला आणि भारताने ३९६ केल्या. शेवटच्या सकाळी वोक्स हात स्वेटरच्या आत बांधून फलंदाजीला आला तेव्हा मला मनापासून भरून आलं. त्याच्या जिद्दीबद्दल बोलायलाच नको. पाच कसोटींत ५२ च्या सरासरीने ११ बळी हे मात्र त्याच्यासारख्या गोलंदाजाला शोभणारे आकडे नाहीत. इंग्लंडमध्ये तिथल्या ड्यूक बनावटीच्या चेंडूवर तो वर्षानुवर्षं किती घातक होता ते आपण पाहिलंय. मला तर वाटतं, तीनच कसोटी खेळवल्या असत्या तर ११ पेक्षा जास्त बळी मिळाले असते.

इंग्लंडची अडचणही समजून घ्यायला हवी. मार्क वुड गुडघ्याच्या दुखण्याने बाहेर होता, गस ॲटकिन्सनचा हॅमस्ट्रिंग (मांडीचा मागचा स्नायू) दुखावला होता, ब्रॉड आणि अँडरसन निवृत्त झाले होते. अनुभवी म्हणावा असा वोक्सच उरला होता. पण म्हणूनच त्याला जपायला हवं होतं.

यातली गंमत अशी की याच इंग्लंडने अँडरसनच्या वेळी शहाणपण दाखवलं होतं, तेही आधी एकदा हात पोळल्यावर. २०२१-२२ ची ॲशेस, म्हणजे ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी मालिका, ४-० ने हरल्यावर वेस्ट इंडीज दौऱ्यातून अँडरसन आणि ब्रॉड दोघांनाही एकदम वगळलं. ती मालिका इंग्लंड हरलं. स्टोक्स कर्णधार झाल्यावर दोघांना परत बोलावलं आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये चाळिशीतला अँडरसन गोलंदाजांच्या कसोटी क्रमवारीत पहिल्या क्रमांकावर होता. पण त्याच उन्हाळ्यात पाच कसोटींच्या ॲशेसमध्ये तो चार कसोटी खेळला आणि त्याला पाच बळी मिळाले. जून-जुलैच्या सहा-सात आठवड्यांत पाच कसोटी, हे त्या वयाच्या शरीराला पेलत नाही. ब्रॉडने त्याच मालिकेत २२ बळी घेतले हे खरं, पण तो चार वर्षांनी लहान होता आणि मालिका संपताच त्याने स्वतःहून निवृत्ती घेतली. मग जुलै २०२४ मध्ये लॉर्ड्सवर अँडरसनला निरोप दिला गेला, ७०४ बळींवर. अनेकांना ते क्रूर वाटलं. मला नाही वाटलं. त्याच कसोटीत पदार्पण करणाऱ्या ॲटकिन्सनने १२ बळी घेतले आणि तेव्हा शेजारी अँडरसन गोलंदाजी करत होता. ब्रॉडनंतर वर्षभराने अँडरसन गेला, दोघांच्या जागा एकदम रिकाम्या झाल्या नाहीत. ज्येष्ठांना असंच एकेक करून मोकळं करायचं असतं.

हे न केल्यावर काय होतं ते वेस्ट इंडीजने भोगलंय. २००० साली इंग्लंडमध्ये त्यांच्या वॉल्शने वयाच्या ३७ व्या वर्षी ३४ बळी घेतले, सरासरी तेराच्याही आत! तरी वेस्ट इंडीज मालिका ३-१ हरली. त्याच मालिकेनंतर त्याचा जोडीदार अँब्रोझ निवृत्त झाला, पुढच्या वर्षी वॉल्शही. मागे तयार कुणीच नव्हतं. ऑस्ट्रेलियात ते ५-० हरले तेव्हा वॉल्श होता, अँब्रोझ नव्हता. त्या तोफखान्याची जागा पुढे कितीतरी वर्षं भरलीच नाही.

आपल्याकडचं उदाहरण द्यायला मला जड जातं, कारण कपिल देव हा माझ्या पिढीचा देव आहे. वेगवान गोलंदाज श्रीनाथने १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियात पदार्पण केलं आणि मायदेशातली पहिली कसोटी त्याला १९९४ च्या शेवटी मिळाली, वानखेडेवर, कपिल निवृत्त झाल्यावर. मायदेशात तेव्हा आपण तीन फिरकी गोलंदाज खेळवायचो, त्यामुळे दुसऱ्या वेगवान गोलंदाजालाच जागा कमी होती, हे मान्य. पण ऐन उमेदीतली ती वर्षं श्रीनाथने बाहेर बसून काढली आणि कपिल न्यूझीलंडच्या हॅडलीचा ४३१ बळींचा विक्रम मागे टाकेपर्यंत देश थांबला. त्या विक्रमाच्या वेळी मीही टाळ्या वाजवल्या होत्या. निवड समितीने मात्र श्रीनाथचाही विचार करायला हवा होता.

ज्येष्ठ गोलंदाजावरच सगळी मदार ठेवली तर काय होतं, ते श्रीरामपूरच्या झहीरच्या बाबतीत २०११ ला दिसलं. विश्वचषकात २१ बळी, मग आयपीएल, मग दुखापत, वेस्ट इंडीज दौऱ्याला विश्रांती आणि थेट लॉर्ड्स. स्ट्रॉस आणि कुक या दोघा सलामीवीरांना त्याने काढलं आणि पहिल्याच दिवशी स्वतःचं चौदावं षटक पुरं व्हायच्या आत मांडीचा मागचा स्नायू धरून तो मैदानाबाहेर गेला. तेव्हा तो ३२ वर्षांचा होता. मालिका आपण ४-० हरलो. सगळा दोष त्या एका दुखापतीचा नाही, फलंदाजीही कोसळली होती. पण डावपेचच त्याच्याभोवती आखलेले असल्यामुळे दुसऱ्या दिवसापासून गोलंदाजीला म्होरक्या नव्हता. २००५ च्या ॲशेसमध्ये ऑस्ट्रेलियाच्या मॅकग्राबाबतही हेच घडलं. लॉर्ड्सवर नऊ बळी, मग एजबॅस्टनला सामन्याच्या सकाळी सरावात चेंडूवर पाय पडून घोटा मुरगळला. तो दोन कसोटींना मुकला आणि ऑस्ट्रेलिया नेमक्या त्याच दोन हरली.

म्हणून तरुणांनाच घ्यावं का? तेही नाही. तरुण वेगवान गोलंदाजांच्या पाठीच्या मणक्यांची हाडं पुरती पक्की झालेली नसतात, सततच्या ताणाने त्यांना तडा जातो, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर होतं. ऑस्ट्रेलियाच्या कमिन्सने १८ व्या वर्षी जोहान्सबर्गला पदार्पणात सामनावीराचा किताब मिळवला आणि पुढची कसोटी खेळायला त्याला २०१७ मध्ये रांची गाठावी लागली. विशीतल्या गोलंदाजाचं हाड मोडतं, पस्तिशीतल्याचा स्नायू फाटतो. ऑस्ट्रेलियाच्याच स्टार्कसारखे अपवाद असतात. जुलै २०२५ मध्ये ३५ व्या वर्षी, शंभराव्या कसोटीत, किंग्स्टनला त्याने ९ धावांत ६ बळी घेतले आणि वेस्ट इंडीज २७ धावांत आटोपली. पण याच स्टार्कने ऐन भरातली बरीच वर्षं आयपीएलला नकार देऊन शरीर राखलं होतं, हेही सांगायला हवं.

आता वेळापत्रकाकडे या, माझ्या उत्तराचा गाभा तिथे आहे. लीड्सची कसोटी २४ जूनला संपली, बर्मिंगहॅमची २ जुलैला सुरू झाली. ती संपल्यावर तीन दिवसांत लॉर्ड्स. मग आठ दिवस मोकळे. मग मँचेस्टर, आणि पुन्हा तीन दिवसांत ओव्हल. म्हणजे मालिकेत दोन जोड्या होत्या, बर्मिंगहॅम-लॉर्ड्स आणि मँचेस्टर-ओव्हल. ज्याचं शरीर भरून यायला वेळ लागतो, त्याने लीड्स खेळावं आणि प्रत्येक जोडीतला एकेक सामना. बुमरा लीड्स, लॉर्ड्स आणि मँचेस्टर खेळला. बर्मिंगहॅमला आठवडाभराची विश्रांती असूनही तो बाहेर का, म्हणून केवढा गदारोळ झाला होता. पण तिथे खेळला असता तर तीन दिवसांनी लॉर्ड्स होतं. बर्मिंगहॅमला त्याच्या जागी आलेल्या आकाश दीपने सामन्यात दहा बळी घेतले. आणि इतकं जपूनही मँचेस्टरला बुमराने ३३ षटकांत ११२ धावा दिल्या, एका डावात धावांची शंभरी त्याने कसोटीत प्रथमच ओलांडली. त्यानंतर तीन दिवसांत त्याला ओव्हलला उतरवायला हवं होतं म्हणणाऱ्यांनी मँचेस्टरची ती षटकं पुन्हा बघावीत. वोक्सलाही हेच वेळापत्रक होतं, आणि तो वयाने पाच वर्षांनी मोठा.

मला खटकलं ते हे, की बुमरा तीनच सामने खेळणार हे मालिकेआधीच जगजाहीर झालं. निर्णय घेणाऱ्यांनी तो कर्णधार, प्रशिक्षक आणि फिजिओ यांच्यापुरता ठेवायला हवा होता. दोन सामने खेळून झाल्यावर त्याचा एकच उरलाय हे इंग्लंडला बसल्याजागी कळत होतं. तेव्हा भारताच्या निवड समितीच्या प्रमुखपदी असलेला आगरकर स्वतः वेगवान गोलंदाज होता, दुखापतींनी त्रासलेला. पुढच्या वेळी निवड समिती असा आकडा ड्रेसिंग रूमच्या बाहेर जाऊ देणार नाही, अशी माझी अपेक्षा आहे.