थायरॉइडची गोळी नुकतीच सुरू झालीय? मग हे वाच

रिपोर्टमध्ये टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोन) वाढलेलं बघून तू घाबरलीस, साहजिक आहे. मलाही बारा वर्षांपूर्वी वाटलं होतं की थायरॉइड जास्त काम करतंय. खरं तर उलटं असतं. टीएसएच थायरॉइडमधून येतच नाही, ते मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी सोडते. रक्तात टी-४, म्हणजे थायरॉइड बनवतं ते हार्मोन, कमी पडलं की ती टीएसएच वाढवून थायरॉइडला हाका मारते. पुरेसं झालं की आपोआप गप्प बसते. म्हणून आकडा जास्त म्हणजे थायरॉइड मंद.

गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत. चहा निदान अर्ध्या तासाने, तासाभराने घेतलास तर उत्तम. आपल्याकडे डोळे उघडताच चहा लागतो, मला हेच सगळ्यात जड गेलं! कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या चार तासांनी घे, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही.

पंधरा दिवसांत पुन्हा तपासणी करू नकोस. गोळीतलं टी-४ शरीरात निम्मं व्हायला सुमारे ७ दिवस लागतात, त्यामुळे टीएसएच स्थिरावायला ६ ते ८ आठवडे जातात. केसांसाठी बायोटिन घेत असशील तर तपासणीआधी डॉक्टरांना सांग, त्याने आकडे चुकतात.

आणि बाळाचा विचार असेल तर आधीच डॉक्टरांशी बोल. गरोदरपणात डोस बहुधा वाढवावा लागतो, पहिल्या महिन्यांत बाळ आईच्याच हार्मोनवर अवलंबून असतं. बरं वाटलं म्हणून गोळी मनाने बंद करू नकोस गं.