‘गप्प राहतो’ हेसुद्धा बोलून सांगावं लागतं

अमेरिकेतली अटक, पोलीस चौकशी आणि तिथल्या न्यायव्यवस्थेवरचा उडत चाललेला विश्वास यांबद्दल वाचकांनी विचारलेले काही प्रश्न.

प्रश्न : पकडताना ‘तुम्हाला गप्प राहण्याचा हक्क आहे’ हे वाक्य पोलिसांकडून राहून गेलं तर आरोपी सुटतो म्हणे. असं असेल तर लोकांनी विश्वास तरी कसा ठेवायचा? (पुणे)

सुटत नाही. ताब्यात घेऊन, हक्क न सांगता पोलिसांनी जे वदवून घेतलं, ते सरकारी पक्षाला आपला पुरावा म्हणून मांडता येत नाही, एवढंच. बाकीचा पुरावा शाबूत राहतो. हा नियम ज्याच्या नावानं ओळखला जातो, त्या अर्नेस्टो मिरांडाचंच पाहा. 1963 मध्ये फिनिक्सच्या पोलिसांनी त्याला अपहरण आणि बलात्काराच्या आरोपावरून धरलं आणि त्याच्याकडून कबुलीजबाब लिहून घेतला. 1966 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 5 विरुद्ध 4 मतांनी त्याची शिक्षा रद्द केली. पुढच्याच वर्षी तो कबुलीजबाब बाजूला ठेवून खटला नव्यानं चालला आणि मिरांडा पुन्हा दोषी ठरला. ‘तांत्रिक मुद्द्यावर सुटला’ ही ओरड अमेरिकेतही मोठी आहे, पण माझ्या मते अविश्वासाची मुळं तिथे नाहीत.

प्रश्न : मुलगा इथे कॉलेजात आहे. पोलिसांनी काही विचारलं तर त्यानं काय करावं? लपवण्यासारखं काही नसेल तर सरळ सगळं सांगून मोकळं व्हावं, असं ह्यांचं म्हणणं. (न्यू जर्सी)

तुमच्या यजमानांचा सल्ला सज्जनपणाचा आहे, पण तो मुलाला महागात पडू शकतो. गाडी चालवताना अडवलं तर लायसन्स, नोंदणी, विम्याची कागदं निमूट दाखवायची, त्यात वाद नको. गुन्ह्याबद्दल विचारपूस सुरू झाली की मात्र त्यानं स्पष्ट म्हणावं : ‘मी उत्तरं देणार नाही, मला वकील हवा आहे.’ हे तोंडानं म्हणणं महत्त्वाचं, कारण नुसतं गप्प बसणं पुरत नाही. मिशिगनमधल्या खुनाच्या एका प्रकरणात थॉम्पकिन्स नावाचा संशयित पावणेतीन तास जवळपास मुका बसला होता. शेवटी अधिकाऱ्यानं विचारलं, त्या मुलाला गोळी घातलीस, त्याबद्दल देवाकडे क्षमा मागतोस का? तो ‘हो’ म्हणाला. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते ‘हो’ ग्राह्य धरलं, कारण गप्प राहण्याचा हक्क बजावतोय असं त्यानं कधी सांगितलंच नव्हतं. ‘बहुतेक वकिलाशी बोलायला हवं’ अशी मोघम भाषाही चालत नाही, हे 1994 च्या डेव्हिस प्रकरणात ठरलं आहे.

दुसरी गोष्ट आपल्या लोकांना सांगूनही पटत नाही. चौकशीत पोलीस खोटं बोलू शकतात. ‘तुझ्या मित्रानं सगळं कबूल केलंय’ अशी थाप मारून मिळवलेला जबाब 1969 मध्ये न्यायालयानं चालवून घेतला. अल्पवयीन मुलांच्या बाबतीत इलिनॉय आणि ओरेगन या राज्यांनी 2021 मध्ये त्याला बंदी घातली, तीही इतक्या उशिरा. तुमच्या मुलानं मात्र थाप मारायची नाही. संघराज्याच्या तपास अधिकाऱ्याला खोटं सांगणं हाच गुन्हा आहे, आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आणि निर्दोष माणूस कबुली देत नाही, या भ्रमात राहू नका. 1989 मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या बलात्कार प्रकरणात 14 ते 16 वर्षांची पाच मुलं पकडली गेली. त्यांतल्या चौघांनी कॅमेऱ्यासमोर कबुली दिली. 2002 मध्ये भलत्याच माणसानं गुन्हा कबूल केला आणि त्याचा डीएनए जुळला. मुलांनी तोवर अनेक वर्षं तुरुंगवास भोगला होता. 2014 मध्ये शहरानं 4 कोटी 10 लाख डॉलर भरपाई दिली.

प्रश्न : काहीच केलं नसेल तर कोर्टात गुन्हा कबूल का करतात? (ठाणे)

कारण खटला लढणं ही चैन आहे. संघराज्याच्या न्यायालयांतल्या 97 टक्के आणि राज्यांतल्या 94 टक्के शिक्षा गुन्हा कबूल करून झालेल्या असतात, हे सर्वोच्च न्यायालयानंच 2012 च्या एका निकालात नोंदवलंय. आपण पडद्यावर पाहतो ते ज्युरीसमोरचे खटले म्हणजे अपवाद. कबुलीच्या बदल्यात कमी शिक्षा, हा सौदा कसा होतो? केंटकी राज्यात हेज नावाच्या माणसावर 88 डॉलर 30 सेंटच्या बनावट चेकचा आरोप होता. कबूल कर, पाच वर्षं मागतो. नाहीतर सराईत गुन्हेगाराचं कलम लावतो, असं सरकारी वकिलानं सांगितलं. त्यानं नकार दिला आणि त्याला जन्मठेप झाली. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यात घटनाबाह्य काही दिसलं नाही. मला दिसतं.

न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सचा कालीफ ब्राउडर 16 वर्षांचा होता. 2010 मध्ये त्याला पाठीवरची बॅग चोरल्याच्या संशयावरून पकडलं. 3,000 डॉलरचा जामीन घरच्यांना परवडेना, पुढे तोही मार्ग बंद झाला. जवळपास तीन वर्षं तो खटल्याविना रायकर्स बेटावरच्या तुरुंगात होता, त्यातला बराच काळ एकांतकोठडीत. कबूल कर आणि आज घरी जा, असंही त्याला सांगण्यात आलं, पण तो बधला नाही. शेवटी 2013 मध्ये खटलाच मागे घेण्यात आला. दोन वर्षांनी त्यानं आत्महत्या केली. या गोष्टी ज्या वस्त्यांमध्ये घरोघर माहीत असतात, तिथे न्यायालयावर विश्वास ठेवा असं सांगायला कोणत्या तोंडानं जाणार?

एच-वन-बी किंवा ग्रीन कार्डवाल्यांनी सौद्याला हो म्हणण्याआधी देश सोडावा लागेल का, हे वकिलाला विचारावंच. ते सांगणं वकिलाचं कर्तव्य आहे, असं 2010 च्या पॅडिला निकालात म्हटलंय.

प्रश्न : काही झालं तरी आपल्यापेक्षा बरंच ना? (नाशिक)

कागदावर पाहिलं तर एका बाबतीत आपणच कडक आहोत. पोलिसांपुढचा कबुलीजबाब आपल्याकडे आरोपीविरुद्ध चालतच नाही. पुरावा कायद्याचं जुनं कलम 25 आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 23 मध्ये आलंय. मकोकाचा अपवाद महाराष्ट्राला चांगलाच ठाऊक आहे : अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा जबाब तिथे चालतो. अमेरिकेत हक्क वाचून दाखवले आणि संशयित बोलला, की साध्या शिपायापुढचं बोलणंही पुरावा ठरतं. प्रत्यक्षात कुठे काय होतं, हा वेगळा विषय. अमेरिकी लोकांचं म्हणाल, तर गॅलपच्या 2024 च्या पाहणीत फक्त 35 टक्क्यांनी आपल्या न्यायालयांवर विश्वास असल्याचं सांगितलं.

प्रश्न : आईबाबा सहा महिन्यांसाठी आले आहेत. त्यांच्यावर असा प्रसंग आलाच तर भारतीय वकिलात सोडवेल का? (एडिसन)

सोडवू शकत नाही. परदेशी नागरिकाला अटक केल्यावर वकिलातीला कळवण्याचा त्याचा हक्क पोलिसांनी सांगायचा असतो, असं व्हिएन्ना कराराचं कलम 36 म्हणतं. वकिलातीचे अधिकारी भेटायला येऊ शकतात, वकिलांची यादी देऊ शकतात. पोलीस हे सांगायला विसरले म्हणून खटला ढासळेल, या भरवशावर मात्र राहू नका : आंतरराष्ट्रीय न्यायालयानं मेक्सिकोच्या बाजूनं कौल देऊनही टेक्ससनं 2008 मध्ये होसे मेदेयीनला, हा हक्क न सांगितलेल्या मेक्सिकन नागरिकाला, मृत्युदंड दिलाच. न्यूयॉर्कच्या वकिलातीचा आणि तुमच्या वकिलाचा नंबर बाबांच्या पाकिटात कागदावर लिहून ठेवा. अटकेनंतर मोबाइल जवळ राहत नाही.