सायकलवरून सांतियागो, घरच्यांसोबत पहिल्यांदा

अरे वा, घरच्यांना घेऊन सायकलवर कामिनो, म्हणजे स्पेनमधल्या सांतियागोपर्यंतची यात्रावाट, करताय, नक्की जा! फक्त सारियापासून सुरू करू नका, तिथून जेमतेम ११५ किमी होतात आणि यात्रा पूर्ण केल्याच्या सर्टिफिकेटला सायकलवाल्यांना किमान २०० लागतात, १०० चालणाऱ्यांसाठी. लेओनपासून निघा, ३०० च्या वर भरतात, रोज ४०-५० पुरे.

- पाठीवर सॅक नको, सामान कॅरियरच्या बॅगांत. ओ सेब्रेइरोच्या चढावर, वर साधारण १३०० मीटर, खांदे भरून येतात. माझ्या आईने तिथे सरळ उतरून सायकल ढकलली, वर पोचून वाफाळतं काल्दो सूप प्यायली, बटाटा आणि पालेभाजीचं, आणि अजून त्याची आठवण काढते.
- सार्वजनिक अल्बर्गेत (यात्रेकरूंच्या धर्मशाळांत) आधी जागा चालणाऱ्यांना, म्हणून खोल्या बुक करा
- दुपारी दुकानं बंद, पाव-केळी सकाळीच घ्या

सर्टिफिकेटसाठी यात्रेच्या पासपोर्टवर शिक्के रोज घ्या. गिअर-टायरचं नंतर बोलू.