कपाट आणण्याआधी

प्रिय भगिनी,

विणकाम, क्रोशा आणि सूतकताई या तिन्हींचे सामान एकाच खोलीत साचत गेले, त्यात आता कसर ही कीड दिसू लागली आहे, आणि अर्धवट राहिलेल्या कामांकडे पाहून इतके अपराधी वाटते की आपण त्या खोलीत पाऊल ठेवणेच सोडले आहे, असे आपण लिहिता. सगळे देऊन टाकावे की मोठे कपाट आणावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तूर्त दोन्ही करू नये.

आधी कसरीचा बंदोबस्त करा. कसरीची उडणारी पाखरे, म्हणजे पतंग, लोकर खात नाहीत. ती कुरतडतात त्यांच्या अळ्या, आणि अळ्यांना अंधारी, कोणी हात न लावलेली जागा मानवते. आपण खोलीकडे फिरकत नाही, हे नेमके त्यांच्या पथ्यावर पडते. लोकर आणि रेशीम हे त्यांचे खाद्य आहे, निव्वळ सुती धाग्यांना त्यांच्यापासून सहसा धोका नसतो. म्हणून वर्गवारी रंगानुसार न करता तंतूनुसार करावी. लोकरीच्या लडी घट्ट बंद पिशव्यांत घालून उणे 18 अंश सेल्सिअस तापमानाच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याखेरीज उघडू नका, अन्यथा धाग्यावर दव धरते. डांबराच्या गोळ्या मात्र वापरू नयेत, कारण ज्या खोलीत आपण तासन्‌तास बसणार, तिथे त्यांची वाफ श्वासावाटे शरीरात जाणे घातक आहे. न धुतलेली कच्ची लोकर वेगळी ठेवावी, आणि दमट काहीही डब्यात बंद करू नये, कारण त्याला बुरशी येते.

आता अर्धवट कामांविषयी, कारण आपले खरे दुखणे तिथे आहे असे मला वाटते. प्रत्येक काम हातात घेऊन स्वतःला विचारा, की हे आज नव्याने सुरू केले असते का? उत्तर नाही असेल, तर निःसंकोच उसवा. उसवलेल्या धाग्याची लडी करून ती धुऊन टांगली की त्यातले बरेचसे वळ निघून जातात आणि धागा पुन्हा उपयोगी पडतो. त्यात आपल्या कष्टांचा अपमान मुळीच नाही. जे ठेवायचे, त्याचे टाके जाड दोऱ्यावर उतरवून सुई मोकळी करा आणि सुईचे माप चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. हरवल्या म्हणून आपण पुन्हा विकत घेतलेल्या कितीतरी सुया अशाच कामांत अडकलेल्या सापडतील, याची मला जवळजवळ खात्री आहे. धाग्यांची वेष्टणेही टाकू नका. त्यांवर रंगाच्या खेपेचा क्रमांक असतो, आणि दुसऱ्या खेपेतला तोच रंग विणीत वेगळा उठून दिसतो.

कपाट घ्यायचेच असेल, तर उरलेल्या साठ्याचे माप घेऊन मगच घ्या, आणि लोकरीचे डबे सर्वांत वरच्या फळीवर ठेवू नका, कारण ते वरचेवर उघडून झटकावे लागणार आहेत.