‘ती’ नको, ‘तू’ म्हणा

एका ताईंनी लिहिलंय: “मुलगी १९ वर्षांची. परवा भांडणात म्हणाली, ‘मी काहीही केलं तरी तुम्ही दोघं माझ्यावर कधी खूश नव्हताच.’ आम्ही अवाक झालो. नातेवाइकांत, चर्चमध्ये तिच्याबद्दल सांगताना आमचं तोंड थकत नाही. मग हिला असं का वाटावं?”

ताई, उत्तर तुमच्याच पत्रात आहे. नातेवाइकांत सांगता, चर्चमध्ये सांगता. तिला सांगता का?

परदेशातल्या घरांत याला भाषेचीही भर पडते. गाडीत बाबा स्पीकरवर काकांशी बोलतायत: “पोरगी गुणी निघाली रे, माझ्यापेक्षा दहापट हुशार.” मागच्या सीटवर पोरगी कानात इअरफोन घालून बसलेली. फोन संपतो आणि बाबा आरशात बघत इंग्रजीत विचारतात, फॉर्म भरलास का, खोली आवरलीस का, सारखं सांगावं का लागतं? म्हणजे कौतुक मराठीत आणि तिसऱ्यापाशी, तक्रार मात्र इंग्रजीत आणि थेट तिच्यापाशी. तिच्या पदरात काय पडलं?

तोंडावर कौतुक केलं की मूल डोक्यावर बसतं, हे ऐकतच आपण मोठे झालो. विश्वासी घरात त्याला गर्वाच्या पापाची धास्तीही जोडली जाते. ती अगदीच खोटी नाही. पण गर्व वाढतो तो तुलनेवर: अमक्याच्या मुलीपेक्षा तू सरस, सगळ्यांत पहिली तू. ‘तू आमची आहेस आणि आम्हाला आवडतेस’ या वाक्यात तुलनेला जागाच नाही.

येशूच्या बाप्तिस्म्याचा प्रसंग आपण इतक्यांदा ऐकलाय की त्यातली एक गोष्ट निसटते. मत्तयाच्या शुभवर्तमानात आकाशवाणी होते, ‘हा माझा पुत्र’. मार्क आणि लूक यांच्यात मात्र ती थेट येशूशीच बोलते: ‘तू माझा पुत्र, मला परमप्रिय आहेस, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे.’ चारचौघांत सांगायचं ते सांगाच, पण ज्याचं त्याला ‘तू’ म्हणूनही सांगायला हवं. आणि वेळ पाहा. येशू तेव्हा सुमारे ३० वर्षांचा. त्याची सेवा सुरूही झालेली नाही. डोंगरावरचं प्रवचन, आजाऱ्यांना बरं करणं, सगळं पुढे आहे. बापाचा संतोष आधी आला, काम नंतर. लगेच अरण्यातले ४० दिवस, आणि तिथे सैतानाने पहिला घाव घातला तो नेमका याच जागी: ‘तू देवाचा पुत्र असलास तर...’ आपली मुलंही कॉलेजात, नोकरीत, परक्या देशात हाच ‘असलास तर’ रोज ऐकतात. तेव्हा आतून उत्तर द्यायला त्यांच्यापाशी आपलं एखादं वाक्य तरी असावं.

प्रेषित पौलाने कलस्सैकरांना, म्हणजे कलस्सै शहरातल्या मंडळीला लिहिताना बापांना बजावलंय: मुलांना चिरडीस आणू नका, ती खिन्न होतील. सतत चुका दाखवल्या की मूल बंडच करतं असं नाही. पुष्कळदा ते नुसतं गप्प होतं, आणि आपण समजतो, शहाणं झालं.

संतुष्ट असणं म्हणजे तिच्या प्रत्येक निर्णयाला मान डोलावणं नव्हे. तिने चर्चला येणं सोडलं तर वाईट वाटतं, असं जरूर सांगा. फक्त तिच्यावरची माया त्या निर्णयावर टांगून ठेवू नका. ‘छान, पण...’ हेही बंद करा. आमच्या घरात हा ‘पण’ फार वर्षं राहत होता. त्याच्यापुढचं तेवढं मुलांना आठवतं, हे मला उशिरा कळलं.

१९ वर्षांच्या मुलीला आता सांगून काय उपयोग, असं वाटत असेल तर बायबलातल्या उत्पत्तीचा २७वा अध्याय काढा. इसहाकाचा थोरला मुलगा एसाव, त्याच्या वाट्याचा आशीर्वाद धाकट्या भावाने नेलेला. एसावाने चाळिशी गाठली होती, घरी बायका होत्या. तरी तो बापापुढे हंबरडा फोडून म्हणतो, बाबा, मलाही आशीर्वाद द्या.

आजी-आजोबांनाही यात घ्या. याकोबाचे नातू, योसेफाचे मुलगे मनश्शे आणि एफ्राईम मिसरात (इजिप्तमध्ये) जन्मले, त्यांची आई मिसरी. याकोबाची दृष्टी मंद झाली होती, पण तो म्हणाला, माझे मुलगे रऊबेन व शिमोन जसे माझे, तसे हे माझे; आणि नातवांना मिठीत घेऊन त्यांचे मुके घेतले. उच्चार सुधारायचे, ‘मराठी येत नाही का?’ म्हणायचे कॉल कमी करून आजीला एवढंच म्हणू द्या: तू माझी.

आणि ताई, तुमच्यासाठी एक काम. मागच्या आठवड्यात तिच्याबद्दल बहिणीला फोनवर जे सांगितलंत, ते कागदावर लिहा. ‘ती’च्या जागी ‘तू’ घाला. तिला सोपी जाईल त्या भाषेत करा. इंग्रजी अडखळलं तर अडखळू दे. मग तिच्या खोलीत जाऊन सांगा. ती कदाचित ‘ओके’ एवढंच म्हणेल आणि फोनमध्ये डोकं घालेल. तुम्ही जास्त काही विचारत बसू नका, दार ओढून घ्या.